लिव्हरचं दुखणं, त्यात लाज कसली?

परवा भिशी संपली तरी शेजारच्या वहिनी उठेनात. सगळ्या गेल्यावर डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "ताई, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय. डॉक्टर फायब्रोस्कॅन करा म्हणतात. पण घरी सांगू कशी? सासूबाई म्हणतील, दारुड्यांचा आजार हिला कुठून?" रिपोर्ट पंधरा दिवस पिठाच्या डब्यामागे लपवला होता!

मैत्रिणींनो, थेंबही न घेणाऱ्या बाईलासुद्धा हा आजार होतो. वाढलेलं वजन, मधुमेह, बैठी कामं ही त्याची कारणं. २०२१ साली केंद्र सरकारनेही मधुमेह, हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला आहे.

मी वहिनींबरोबर तपासणीला गेले. बाजारात आपण चिकू दाबून बघतो ना, मऊ की कडक? हे यंत्रही तेच करतं. उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधे हलकासा ठोका देतं. त्याची लहर लिव्हरमधून जाते. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगाने धावते. तो वेग मोजून कडकपणाचा आकडा किलोपास्कलमध्ये येतो. असे दहा ठोके. सुई नाही, दुखणं नाही. फक्त आधी तीन तास काही खायचं नाही, नाहीतर आकडा उगीच वाढतो. साध्या सोनोग्राफीत चरबी दिसते, पण आत व्रण धरून लिव्हर कडक व्हायला लागलंय का, हे सुरुवातीला नीट कळत नाही. म्हणून ही तपासणी.

आकडा साधारण आठच्या आत असला तर सहसा काळजी नसते. वहिनींचा सहा आला. पण नुसत्या आकड्यावरून आपणच निदान करू नये, लिव्हरला सूज असली तरी तो वाढतो. डॉक्टरांनाच विचारावं.

माझं म्हणणं एवढंच. नवऱ्याचा रिपोर्ट आपण देवघरात जपून ठेवतो आणि स्वतःचा डब्यामागे! वेळेवर कळलं तर वजन उतरवून, रोज चालून लिव्हरवरची चरबी कमी होते. लपवलं तर व्रण वाढतच जातात. आपल्या गावातल्या आरोग्य शिबिरांत हिमोग्लोबिन, बी.पी. बघतात. शुगर असलेल्या बायकांच्या लिव्हरचीही चौकशी व्हावी, असा आग्रह आपणच धरायला हवा.

आता वहिनी रोज पहाटे माझ्याबरोबर फिरायला येतात. आणि हो, परवा सासूबाईही निघाल्या!