पवित्र शास्त्राची चिकित्सा : भय कशाचे?

बारामतीहून नीरेकडे जाताना वाटेत पणदरे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला हा उसाचा मुलूख. गेल्या नाताळच्या दिवसांत तेथील एका घरी मिस्सा अर्पण करून आम्ही चहाला बसलो असता महाविद्यालयात शिकणाऱ्या एका युवकाने आपला मोबाईल पुढे केला. त्यावरील चित्रफीत दाखवून तो म्हणाला, "फादर, बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यायची हे निसियाच्या परिषदेत राजाने ठरवले, हे खरे का? आणि शुभवर्तमाने मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी लिहिलीच नाहीत, असे विद्वान म्हणतात, ते?" त्याचे आजोबा लगेच म्हणाले, "अरे, फादरांना असं विचारतात का?" मुलगा ओशाळला. खरे तर ओशाळायला हवे होते ते मी. कारण त्या मुलाला जे धक्कादायक वाटत होते, त्यातील बराचसा भाग मी सेमिनरीत पाठ्यपुस्तकातून शिकलो होतो, आणि इतक्या वर्षांच्या प्रवचनांत त्याचा एकदाही उल्लेख केला नव्हता.

प्रथम निसियाविषयी. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३२५ मध्ये बोलाविलेल्या या परिषदेपुढील मुख्य प्रश्न होता एरियसच्या मताचा : पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, की पित्याशी एकतत्त्व आहे? पुनरुत्थानाचा सण केव्हा साजरा करावा, याचाही निर्णय तेथे झाला. परिषदेने २० नियम केले. त्यांतील एकही नियम पवित्र शास्त्रातील पुस्तकांच्या यादीविषयी नाही. या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली, म्हणून पोप लिओ चौदावे यांनी २८ नोव्हेंबर २०२५ रोजी तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजे प्राचीन निसिया येथे, इतर ख्रिस्ती मंडळींच्या प्रमुखांसमवेत प्रार्थना केली. परिषदेचे नाव पुन्हा चर्चेत आले, तशी ही जुनी दंतकथाही नव्याने फिरू लागली.

पुस्तकांची यादी एका दिवसात झाली नाही आणि एका राजाने केली नाही. चारच शुभवर्तमाने प्रमाण मानावीत, असे संत आयरेनियस इ.स. १८० च्या सुमारास, निसियाच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, आग्रहाने मांडत होते. नव्या करारातील २७ पुस्तकांची आज आहे तशी यादी संत अथनेशियस यांच्या इ.स. ३६७ च्या पत्रात मिळते. हिप्पो (३९३) व कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी यादीला मान्यता दिली. संपूर्ण ख्रिस्तसभेसाठी विधिवत घोषणा झाली ती ट्रेंट परिषदेत, १५४६ मध्ये. मधल्या काळात काही पुस्तकांविषयी मतभेद होते, हेही लपविण्याचे कारण नाही.

युवकाचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात तथ्य आहे. चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकाने स्वतःचे नाव सांगितलेले नाही. नावे परंपरेने दिली आणि ती दुसऱ्या शतकापासून रूढ आहेत. संत पौलाची पत्रे इ.स. ५० नंतरच्या दशकातील. मार्कचे शुभवर्तमान ७० च्या सुमाराचे, तर योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरीचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तीमथ्याला लिहिलेली पत्रे व पेत्राचे दुसरे पत्र ही त्या त्या प्रेषितांच्या पश्चात लिहिली गेली असावीत, असेही अनेकांचे मत आहे. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहानाच्या आठव्या अध्यायातील, व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचा प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही.

हे ख्रिस्तसभेच्या शत्रूंनी शोधलेले गुपित नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'देई व्हर्बुम' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शुभवर्तमानांच्या लेखकांनी मौखिक वा लिखित रूपाने आलेल्या अनेक गोष्टींतून निवड केली, काहींचा सारांश दिला, काहींचा अर्थ आपापल्या मंडळींच्या परिस्थितीनुसार उलगडला, आणि हे सर्व प्रभू येशूविषयीचे सत्य सांगण्यासाठी केले, अशी त्याची शिकवण आहे. त्या स्त्रीचा प्रसंग मूळ योहानाच्या लेखणीतून उतरला की नाही, हा संहितेचा प्रश्न. तो पवित्र शास्त्राचा भाग आहे की नाही, हा वेगळा प्रश्न. आणि त्याचे ख्रिस्तसभेचे उत्तर 'होय' असेच आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर ख्रिस्तसभेलाही येथवर येण्यास वेळ लागला. १९०७ मध्ये पोप दहावे पायस यांनी आधुनिकतावादाचा निषेध केला, तेव्हा अनेक निष्ठावंत अभ्यासकांवरही संशयाची छाया पडली. पोप बारावे पायस यांनी १९४३ च्या परिपत्रकाने चिकित्सक अभ्यासाला दार उघडून दिले. त्या दारातून आत गेलेल्यांत आपल्या पुण्यातील एक नाव आहे : येशूसंघीय धर्मगुरू जॉर्ज सोरेस-प्रभू. ज्ञानदीप विद्यापीठात त्यांनी नवा करार शिकविला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूजन्माच्या कथनात जुन्या करारातील अवतरणे कशी गुंफली गेली, यावरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. ते जसे चिकित्सक होते, तसेच गोरगरिबांच्या बाजूने शास्त्र वाचणारे धर्मगुरूही होते. पुण्यातील वर्गात जे उघडपणे शिकविले गेले, ते पणदरेपर्यंत पोहोचले मोबाईलवरून, आणि तेही अर्धवट व खवचट स्वरात. हे अंतर आम्ही धर्मगुरूंनी ठेवले.

महाराष्ट्राला ही चिकित्सा परकी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, त्यामुळे वारकऱ्यांची श्रद्धा उणावली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सुमारे १२५९ हस्तलिखिते पाहून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. व्यासांच्या लेखनिकाचे काम गणपतीने केल्याची सर्वपरिचित कथाही संपादकांनी मूळ संहितेतून वगळली. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी एका इंग्रजी पुस्तकाच्या वादातून हल्ला झाला. ग्रंथ फाटले, प्रश्न मात्र सुटला नाही. आपणही त्या मोहापासून दूर नव्हतो. २००६ मध्ये 'द दा विंची कोड' चित्रपट आला तेव्हा मुंबईत काही कॅथलिक संघटनांनी निदर्शने केली, गोव्यासह काही राज्यांत बंदी आली. निसियाची ती दंतकथा घरोघरी नेणारी कादंबरी हीच. बंदीची मागणी झाली, पण निसियात काय घडले हे किती धर्मग्रामांत समजावून सांगितले गेले?

अर्थात, प्रत्येक शंका म्हणजे विद्वत्ता नव्हे. १८९४ मध्ये निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने लडाखमधील हेमिस मठात येशूचे अज्ञात चरित्र सापडल्याचे लिहिले. त्याच वर्षी मॅक्स म्युलर यांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि पुढे प्रा. डग्लस यांनी प्रत्यक्ष हेमिसला जाऊन चौकशी केली तेव्हा प्रमुख लामांनी ते सारे नाकारले. मराठीत बाबाराव सावरकरांच्या 'ख्रिस्त परिचय' या १९४६ च्या पुस्तकाने येशू तमिळ हिंदू होते, असे प्रतिपादन केले. २०१६ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध झाले. अशा पुस्तकांवर रागावण्याऐवजी एवढेच विचारावे : हस्तलिखित कोठे आहे? ते किती जुने? इतरांना ते तपासता आले का? याच कसोट्या आपल्या शास्त्रालाही लावू द्याव्यात. स्वतःला अज्ञेयवादी म्हणविणारे बार्ट एर्मन हे अमेरिकन अभ्यासक बायबलच्या संहितेचे कठोर परीक्षक आहेत. पण येशू ही ऐतिहासिक व्यक्ती होती, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनीच २०१२ मध्ये एक ग्रंथ लिहिला.

इतिहास पुनरुत्थान सिद्ध करू शकत नाही, तसे खोडूनही काढू शकत नाही. ज्यांनी प्रभूला पाहिले, त्यांच्या साक्षीवर आपला विश्वास उभा आहे. ती साक्ष माणसांनी, माणसांच्या भाषेत, आठवून, निवडून लिहिली. शब्द देहधारी झाला असे मानणाऱ्यांना याचे नवल का वाटावे?

उपाय आपल्या आवाक्यातला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मराठीत उपलब्ध आहे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला. आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून मराठी बायबलसाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. प्रत्येक धर्मग्रामात महिन्यातून एक संध्याकाळ शास्त्राभ्यासासाठी ठेवावी. दृढीकरण संस्काराच्या तयारीतच मुलांना सांगावे की शुभवर्तमाने कशी आकारास आली. पुढे ते मोबाईलवर पाहिले, तर त्यांना फसविले गेल्यासारखे वाटणार नाही.

त्या युवकाला मी म्हणालो, "तुझे पहिले ऐकीव चुकीचे आहे, दुसऱ्यात बरेच खरे आहे. पुढच्या खेपेस पुस्तके घेऊन येतो." आजोबा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मग फादर, मलाही बसू द्या ऐकायला."