मेजावरचा चरखा

वर्धा जिल्ह्यात पाहुण्याच्या हाती चरख्याची वीतभर प्रतिकृती ठेवण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे, की त्यात काही खटकते असे कोणास वाटतही नाही. ती प्रतिकृती पुढे एखाद्या साहेबाच्या मेजावर लेखण्यांच्या शेजारी धूळ खात बसते. तिच्या चातीवर सूत निघत नाही. निघावे अशी कोणाची अपेक्षाही नसते.

श्रमाचे साधन शोभेस लागले म्हणून दर वेळी निषेध करण्याचे कारण नाही. १९५८ पासून मेट्रिक वजने आली आणि जुने शेर-अदशेर कागद दाबण्यापुरते उरले. त्यात कोणाच्या पोटावर पाय आला नाही. परंतु चरखा निवृत्त झालेला नाही. त्यावर आजही हजारो स्त्रियांची चूल अवलंबून आहे. एप्रिल २०२५ पासून खादी आयोगाने कताईची मजुरी गुंडीमागे साडेबारा रुपयांवरून पंधरा रुपयांवर नेली. हजार मीटर सुताचे पंधरा रुपये, आणि त्याचीही घोषणा थाटात! दिल्लीच्या विमानतळावर मात्र २०१६ साली चार टनांचा सागवानी चरखा मांडण्यात आला.

गांधीजींनीही चरखा लहान केला होता. येरवड्याच्या तुरुंगातील प्रयोगांतून पेटीचरखा सिद्ध झाला, तो प्रवासात वा कोठडीत कातता यावे म्हणून. १९२९ साली सुधारित चरख्यास एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले, त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत: यंत्र खेड्यातील झोपडीत चालावे, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे टिकावे. पारितोषिक कोणासही मिळाले नाही. पण विचार कातणारीच्या मिळकतीचा होता. आजचा चरखा लहान आहे तो फायलींना अडचण होऊ नये म्हणून.

प्रतिकृती घडविणाऱ्या कारागिरास काम मिळते, असा बचाव केला जातो. त्या कारागिराशी भांडण नाहीच. भांडण आहे ते सार्वजनिक पैशाने कष्टाचे चित्र विकत घेऊन कष्टाचा मोबदला टाळणाऱ्यांशी. सेवाग्रामला पाहुण्याचे स्वागत सूतमाळेने होते. तिच्यातील प्रत्येक धाग्याची मजुरी कोणाच्या तरी पदरात पडते. समुद्रपूर हा कापसाचा तालुका. तेथील पंचायत समितीने व नगरपंचायतीने स्मृतिचिन्हांचा खर्च बंद करून सूतमाळ अथवा खादीचा पंचा देण्याचा ठराव करावा, आणि खरेदीपूर्वी कातणारीच्या मजुरीचा हिशेब मागावा. असे चरखे पक्षाच्या कार्यालयांतील मेजांवरही आहेत. कार्यकर्त्यांनी प्रथम ते उचलावेत.