जामिनावरचं बिऱ्हाड

आमच्या हैदराबादचे तेलुगू कवी वरवरा राव यांना एल्गार परिषद प्रकरणात २०१८ साली अटक झाली. १० ऑगस्ट २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून जामीन दिला. ऐंशी ओलांडलेला माणूस आता घरी येणार, असं वाटलं ना? छे! विशेष न्यायालयाच्या परवानगीशिवाय बृहन्मुंबई सोडायची नाही, अशी अट. म्हणजे मुंबईत दुसरं बिऱ्हाड थाटा, भाडं भरा. दोन चुली चालवणं काय असतं, ते आम्हा बायकांना विचारा!

जामिनाला अटी असाव्यात, नाही कोण म्हणतं? आरोपीने पळू नये, साक्षीदार फितवू नयेत, तारखेला हजर राहावं, एवढ्यासाठीच त्या असतात. आरोप गंभीर आहेत, कबूल. पण ते सिद्ध कुठे झालेत? मोबाइलवरून आरोपीचा ठावठिकाणा सतत पोलिसांना दिसत राहावा अशी अट घालता येणार नाही, असं याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. खाजगीपणाची एवढी बूज आहे, मग म्हातारपणी परमुलखात राहायला लावण्याला काय म्हणायचं? पासपोर्ट ठेवून घ्या, आठवड्याला हजेरी लावा. पोलीस ठाणी हैदराबादेतही आहेत की!