फ्लेमिंगो नाहीत, म्हणून खाडी नाही?

‘हे लोक नुसते पक्षी मोजतात, त्याने वाचतं काय?’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अरे, मोजतात म्हणून तर वाचतं! १८८३ साली सुरू झालेल्या बीएनएचएससारख्या संस्थेच्या नोंदी नसत्या, तर २०१५ साली ऐरोली आणि वाशी पुलांमधली सुमारे १६९० हेक्टर खाडी कशाच्या जोरावर अभयारण्य झाली असती? २०२२ साली ती रामसर यादीत गेली, ती काय आपल्या रील्समुळे?

माझी तक्रार वेगळी आहे. अटल सेतू आला, तेव्हा एमएमआरडीएच्या पैशांतून फ्लेमिंगोंचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. अभ्यास हवाच. पण आधी प्रकल्प, मग निधी, मग मोजणी, हा क्रमच उलटा आहे. अशाने डोंबिवलीच्या उल्हास खाडीवर कोण फिरकणार? इथे गुलाबी थवे नाहीत. कांदळवन आहे, त्यात डेब्रिज पडतं, आणि आधी तिथे काय होतं याची सलग नोंद नसली की तक्रारीला वजन येत नाही. (एमआयडीसीच्या नाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.)

संस्थांनी या काठावरही दरवर्षी मोजावं, बिल्डर किंवा पूल यायच्या आधी. खर्च? सभासदांच्या वर्गणीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून. फ्लेमिंगो बघायला ऐरोलीच्या बोटीचं तिकीट काढतोच की आपण.