पांच दाखले म्हणजे सिद्धता नव्हे

गणिताच्या तासाला एक दृश्य आम्हांस वरचेवर दिसतें. एखादा नियम चार-पांच उदाहरणांत खरा ठरला कीं विद्यार्थी लेखणी खालीं ठेवितो आणि म्हणतो, “गुरुजी, नियम सिद्ध झाला!” ही समजूत दूर करण्यास ४,२९,४९,६७,२९७ या संख्येसारखा दुसरा शिक्षक नाहीं, असें आमचें मत आहे.

फ्रान्स देशांतील तुलूझ येथील न्यायाधिकारी व थोर गणिती पिएर द फर्मा यांनीं १६४० सालीं एक नियम सुचविला. २ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीनें वाढणारा घात घ्यावा व त्यांत १ मिळवावा. म्हणजे येणारी प्रत्येक संख्या मूळ असेल. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पांचही संख्या खरोखरच मूळ आहेत. सहावी म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, अर्थात् वर दिलेली संख्या. आपणांजवळ पूर्ण सिद्धता नाहीं, हें फर्मा यांनीं त्या वेळीं प्रांजळपणें कबूल केलें होतें.

पुढें ९२ वर्षांनीं, १७३२ सालीं, पीटर्सबर्ग येथील पंचवीस वर्षांचे लेओनार्ड ऑयलर यांनीं दाखविलें कीं, ६,७००,४१७ म्हणजेच ६७,००,४१७ ला ६४१ नें गुणिलें असतां हीच संख्या येते. नियम ढांसळला! या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवास ६४ नें भागिलें असतां बाकी १ उरते, हेंही ऑयलर यांनीं पुढें सिद्ध केलें. तें ध्यानांत ठेविल्यास १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढेच भाजक क्रमानें तपासावे लागतात. पांचव्या भागाकारांत बाकी शून्य येते. ज्यास हें ठाऊक नाहीं, त्यास शंभरावर भागाकार करावे लागतील. विचारानें श्रम वांचतात ते असे.

कोणी म्हणेल, आतां यंत्र हें उत्तर क्षणांत देतें. मग ही यातायात कशाला? परंतु याच मालिकेंतील २ चा ३३ वेळां दुपटीनें वाढलेला घात घेतला, तर येणाऱ्या संख्येस अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत, आणि ती मूळ आहे कीं नाहीं, याचा निर्णय आजवर यंत्रासही करितां आलेला नाहीं.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलानें “हें कशावरून?” असें विचारिलें, तर तो उद्धटपणा मानूं नये. “पुस्तकांत आहे म्हणून खरें,” असें उत्तर आम्हीही कधीं कधीं घाईनें दिलें आहे, आणि त्याबद्दल आम्हांस खेद वाटतो. थोरांचा मान राखावा. पण त्यांचें विधान पडताळून पाहणें हाही त्यांचा मानच होय.

विद्यार्थिमित्रहो, आज रात्रीं पाटी घेऊन हा गुणाकार करा. आमच्या शब्दावर विश्वास ठेवूं नका.