सप्तक निसर्गाचे की माणसाचे?

‘सात स्वर निसर्गानेच दिले आहेत’, असे विधान आपण पुष्कळदा ऐकतो. त्यावरून ‘पाच स्वरांचे संगीत अपुरे’ असा निष्कर्षही काढला जातो. माझ्या मते विधान अर्धेच खरे आहे. निष्कर्ष तर साफ चुकीचा आहे.

प्रथम निसर्गाचा वाटा पाहू. २४० हर्ट्‌झचा ‘सा’ आणि ३२० हर्ट्‌झचा ‘म’ घ्या. तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात. ‘सा’ची चौपट ९६० आणि ‘म’ची तिप्पटही ९६०! म्हणूनच हे दोन स्वर कानाला जुळलेले वाटतात.

हाच सा-म टप्पा प्राचीन ग्रीकांनी पायाभूत मानला. त्याची दोन्ही टोके पक्की. मधले दोन स्वर मात्र सरकते. ते कोठे ठेवावेत यावरून त्यांनी तीन मुख्य प्रकार केले. एकात तर अर्ध्या स्वरांतराचेही दोन भाग करीत! पायथागोरसच्या अनुयायांचा भर गुणोत्तरांवर होता, इ. स. पूर्व चौथ्या शतकातील अ‍ॅरिस्टॉक्सेनसने मात्र निवाडा कानावर सोपविला.

आता जपानकडे वळू. फुमिओ कोइझुमी या संशोधकाने १९५८ साली तेथील पारंपरिक संगीताची मांडणी केली. त्यातही सा-म हाच टप्पा पक्का. मध्ये मात्र एकच स्वर. कोतो या तंतुवाद्याच्या संगीतात तो बहुधा कोमल रे, लोकगीतांत कोमल ग, दरबारी संगीतात शुद्ध रे आणि ओकिनावा बेटांवर शुद्ध ग. असाच टप्पा ‘प’पासून पुन्हा घेतला की पाच स्वरांचे सप्तक पुरे होते. शुद्ध रे घेऊन पेटीवर वाजवून पाहा : सा रे म प ध सां. हे तर आपल्या दुर्गा रागाचे स्वर!

म्हणजे टोके निसर्गाची, मधली निवड माणसाची. हे विसरले की नुकसान होते. १८७९ साली जपान सरकारने शालेय संगीतासाठी एक समिती नेमली आणि शाळांतून पाश्चात्त्य धर्तीची गाणी आली. देशी वाद्ये वर्गाबाहेरच राहिली. सातवी ते नववीच्या वर्गांत त्यांचे शिक्षण आवश्यक ठरले ते २००२ साली.

शिक्षकांनी ध्वनीच्या पाठात गुणोत्तरे जरूर शिकवावीत. पण गणित कोठे संपते आणि आवड कोठे सुरू होते, तेही दाखवावे. अनोळखी संगीत ऐकताना ‘बेसूर’ म्हणण्यापूर्वी, मित्रांनो, एवढेच विचारा : यांनी मधला स्वर कोठे ठेवला आहे?