पाय कापण्याआधी एक गणित

नेकनूरला मामांकडे गेलो की माझी नजर आधी त्यांच्या उजव्या पायाकडे जाते. अंगठ्याच्या शेजारचं बोट आता तिथे नाही. सुरुवात त्या बोटाच्या टोकावरच्या छोट्या जखमेने झाली. शुगर पंधरा वर्षांची. चप्पल पायातून निघाली तरी कळायचं नाही, तिथे जखम काय दुखणार? आठ महिने ड्रेसिंग चाललं. दर वेळी नवी पट्टी, नवी गोळी आणि ‘शुगर कंट्रोल करा’ हा जुनाच सल्ला. शेवटी बोट काळं पडलं आणि कापावं लागलं.

मित्रांनो, या आठ महिन्यांत एकानेही विचारलं नाही, की जखम नेमकी तिथेच का झाली? हा प्रश्न तर आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचा आहे! मधुमेहात नसा बिघडतात, पायातले छोटे स्नायू दुबळे होतात. बोट पंजासारखं वाकतं आणि माणूस त्याच्या टोकावर भार देऊन चालतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. इथे क्षेत्रफळ शेंगदाण्याएवढं! आधी घट्टा होतो, मग त्याखाली जखम. भार तसाच ठेवून वरून कितीही मलम लावा, ती भरणार कशी?

यावर उपाय आहे, आणि तो सुईएवढा आहे. बोटाला खाली ओढणारी दोरी म्हणजे कंडरा. डॉक्टर बोट बधिर करून जाड सुईने ती कंडरा आतल्या आत कापतात. बोट सरळ होतं, टोकावरचा भार जातो. काही मिनिटांचं काम, रुग्ण त्याच दिवशी घरी. बोट ताठरलेलं नसेल तर हा उपचार करावा, असं मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. चवड्याखालच्या जखमेसाठी टाचेमागची कंडरा छोट्या छेदांतून लांबवतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नुसतं प्लॅस्टर घातलेल्यांपैकी ८१ टक्के लोकांना दोन वर्षांत पुन्हा जखम झाली. प्लॅस्टरसोबत कंडराही लांबवलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होतं.

ही जादू नाही. आधी पायाचा रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग तपासावाच लागतो. एका बोटावरचा भार शेजारच्या बोटावर जाऊ शकतो, म्हणून नंतर योग्य पादत्राणंही हवीतच.

पण आमच्या भागाला हाच उपचार जास्त सोयीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. इथली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ‘दिवसाआड ड्रेसिंगला या’ हे त्यांना सांगून काय उपयोग? एका खेपेत होणारं काम त्यांना परवडतं. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी वीस वर्षांपूर्वीच डॉक्टर आणि नर्सना पायाच्या काळजीचं टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देण्याच्या कामात पुढाकार घेतला होता. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावच्या सरकारी डॉक्टरांना तिथे हे शिकवता येणार नाही का?

आणि आपण? १९६८ चा जयपूर फूट आपल्याला अभिमानाने सांगितला जातो, तो सांगायलाच हवा. पण पाय गेल्यावर नवा पाय देण्यापेक्षा आहे तो वाचवणं जास्त मोठं इंजिनिअरिंग नाही का? फायनल इयरला तोच तो लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा, पायाखालचा दाब दाखवणारा स्वस्त तळवा कुणी करून पाहील का?

मामा अजूनही रोज शेतात जातात. डावा पाय अजून शाबूत आहे. पण त्याचंही एक बोट आता वाकायला लागलंय...